‘बदल सेव्ह करायचे का?’ हा प्रश्न आला कुठून

आजची तारीख दाखवणारं ‘टुडे’ हे फंक्शन असलेली एक्सेलची फाइल उघडा. नुसती बघा, काही न लिहिता बंद करा. तरीही विचारणा होते : बदल सेव्ह करायचे का? फाइल उघडताना एक्सेलने तारखेचा हिशेब नव्याने केला, तोच त्याच्या लेखी बदल. पण एक अक्षरही न टाइपलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, चुकून कुठल्या खान्याला धक्का लागला की काय?

या प्रश्नाचं मूळ यंत्राच्या रचनेत आहे. आपण लिहितो ते रॅममध्ये असतं, वीज गेली की पुसलं जातं. टिकतं ते डिस्कवरचं. एकेकाळी हा फरक माणसाच्या गळ्यात मारण्याला सबळ कारण होतं. अ‍ॅपल कंपनीच्या 1984 च्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकामध्ये रॅम 128 किलोबाइट, फ्लॉपी 400 किलोबाइटची आणि आतला ड्राइव्ह एकच. सारखं डिस्कवर लिहायचं तर फ्लॉपीची घरघर थांबेपर्यंत हात बांधून बसावं लागलं असतं. शिवाय डिस्कवरची जुनी प्रत हाच मोठा आधार होता. लिहिलेलं बिघडलं तर सेव्ह न करता बंद करायचं, मूळ मजकूर शाबूत. त्याआधीचा, युनिक्स या संगणकप्रणालीवरचा, मजकूर लिहायचा ‘ईडी’ एडिटर फारच अबोल. साठवल्याशिवाय बाहेर पडू लागलं की तो फक्त एक प्रश्नचिन्ह उमटवी आणि तीच आज्ञा पुन्हा दिली की जाऊ देई.

दुसरी वाट तेव्हाही दिसत होती. अ‍ॅपलच्याच 1983 च्या लिसा या संगणकावर बंद करायचं बटण दाबलं की काम आपोआप साठवलं जाई आणि पुन्हा चालू केल्यावर टेबल जसंच्या तसं समोर येई. पण लिसाला हार्डडिस्क होती, 1 मेगाबाइट रॅम होती आणि किंमत 9,995 डॉलर. स्वस्त मॅकिंटॉशला ते झेपणारं नव्हतं. खपला मात्र मॅकिंटॉश, आणि त्याची विचारण्याची रीत सगळीकडे रुजली.

मॅकिंटॉश प्रकल्प सुरू करणाऱ्या जेफ रास्किन यांनीच पुढे, 2000 साली आपल्या पुस्तकात, या रीतीतला खरा धोका मांडला. तोच प्रश्न रोज आला की उत्तर देणं सवयीचा भाग होतं. मग विचारूनही काम वाचत नाही. हे मी अंगावर घेतलंय. भारनियमनाच्या दिवसांत दिवाळी अंकाची पानं लावताना दर पाच मिनिटांनी कंट्रोल-एस दाबायची सवय होती. एका रात्री पंधरा-वीस फाइली नुसत्या तपासून बंद करत होतो, प्रत्येकीला ‘नाही’, ‘नाही’. त्याच लयीत, तासभर दुरुस्त केलेल्या कवितांच्या पानालाही ‘नाही’ म्हटलं. चौकट आली होती, मी ती वाचली नव्हती. त्या चुकीचं खापर माझ्या बोटावर फोडणं मला आजही मान्य नाही.

2007 मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने परवानग्या मागून मागून लोकांना असंच जेरीस आणलं. विंडोजचा रिसायकल बिन तर फाइल परत काढता यावी म्हणूनच असतो, तरी तिथे टाकतानाही खात्री विचारली जाई. 2012 च्या विंडोज 8 मध्ये ती सवय सुटली.

उपाय जुनाच आहे : आधी विचारण्यापेक्षा नंतर मागे फिरू द्यावं. वॉरन टाइटलमन यांनी लिस्प या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रोग्रामरांसाठी ‘अनडू’ची, म्हणजे केलेलं मागे घेण्याची सोय 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच केली होती. पण तिला जुन्या आवृत्त्या साठवायला जागा लागते. ती स्वस्त झाल्यावर गूगल डॉक्स टाइप करता करताच साठवू लागलं, 2011 मध्ये मॅकच्या लायन आवृत्तीत आपोआप साठवणं आणि मागच्या आवृत्त्या दोन्ही आल्या. नोटपॅड 1985 पासून, विंडोजच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. न साठवलेला मजकूर स्वतःच सांभाळून, काही न विचारता बंद होण्याची सोय त्यात मायक्रोसॉफ्टने आणली ती 2023 मध्ये.