पुढच्या चाकांकडून आवाज येतोय? तो केव्हा येतो ते आधी पाहा

आमच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवायला आलेले बहुतेक जण जागा सांगतात: "डावीकडून, पुढून खडखड येतेय." पण पत्र्यातून आवाज लांबवर जातो. उजव्या बाजूचा सैल भाग चालवणाऱ्याला कधीकधी डावीकडे ऐकू येतो. म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो, आवाज केव्हा येतो? खड्ड्यात, ब्रेक दाबताना, स्टिअरिंग वळवताना, की सरळ रस्त्यावर वेग वाढल्यावर? याचं नेमकं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. ते नसलं की अंदाजाने जंपर (शॉक अब्झॉर्बर) बदलले जातात, पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो.

आधी घरीच एवढं बघून घ्या. डिकीतला जॅक आणि पाना सैल पडलेला नाही ना? व्हील नट घट्ट आहेत ना? पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी गेली असेल तर बंपरखालचं प्लास्टिक सुटून लोंबतंय का? चाकातून अचानक कर्कश घासल्यासारखा आवाज सुरू झाला असेल, तर ब्रेक डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलेला असू शकतो. थोडी गाडी मागे घेतली की पुष्कळदा तो पडतो.

खडबडीत रस्त्यावर, कमी वेगात खडखड

पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडसारख्या खडबडीत रस्त्यावर १०–२० च्या वेगात खुळखुळ्यासारखा आवाज येत असेल, तर पहिला संशय लिंक रॉडवर. ही स्टॅबिलायझर बारला (डाव्या-उजव्या चाकांच्या मधला, वळणात गाडी कलू न देणारा बार) जंपरशी किंवा लोअर आर्मशी (चाकाला खालून धरणारा हात) जोडणारी छोटी दांडी असते. तिच्या दोन्ही टोकांना गोळ्याचे सांधे असतात. त्यांचं रबर फाटलं की पावसाचं पाणी आणि माती आत जाते, ग्रीस निघून जातं आणि सांधा खेळू लागतो, म्हणजे सैल हलतो.

याची खूण पक्की करायला एक सोपी चाचणी आहे. रुंद, सरळ स्पीड ब्रेकरवरून दोन्ही पुढची चाकं एकदम न्या. मग तोच ब्रेकर, मागेपुढे वाहन नसताना, हळू आणि तिरकस ओलांडा, म्हणजे एका वेळी एकच चाक चढेल. दोन्ही चाकं एकत्र उचलली गेली की बारला पीळ पडत नाही, त्यामुळे लिंक रॉडवर फारसा भार येत नाही. तिरक्या चालीत तो येतो. म्हणून सरळ जाताना शांत आणि तिरकस जाताना खडखड असेल, तर लिंक रॉड किंवा बारचा बुश, म्हणजे त्याला धरून ठेवणारं रबर.

इथे पुष्कळ गॅरेजमध्ये एक चूक वारंवार होते. एकच चाक जॅकवर उचलून लिंक रॉड हलवून बघतात. तेव्हा बारला पीळ पडलेला असतो, सांधा ताणलेला असतो आणि खराब रॉडही घट्ट लागतो. दोन्ही चाकं सारखी उचललेली हवीत, किंवा गाडी चाकांवर उभी हवी.

खडखड चालू असताना ब्रेकवर पाय अगदी हलका टेकवून बघा. आवाज थांबला, तर सस्पेन्शनला हात लावायची गरज नाही. कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना किंवा ब्रेक पॅडच्या क्लिपा सैल आहेत.

खड्ड्यात "धप्", ब्रेक मारताना एकच "टक"

जड, बोथट धप् असेल तर जंपर किंवा त्याचं वरचं माउंटिंग (जंपर बॉडीला जिथे बसतो तो भाग) बघावं लागतं. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची चाचणी सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्यात पूर्ण मेलेला जंपरच पकडला जातो. जंपरच्या अंगावर नुसता तेलाचा ओलसर थर असेल तर घाबरू नका, ओघळ खाली आलेले असतील तर मात्र बदलायचा, आणि पुढची जोडी एकदम. नव्या जंपरनंतरही धप् येत असेल, तर वरचा नट सैल राहिलाय किंवा स्प्रिंगचं टोक खोबणीत नीट बसलेलं नाही.

ब्रेक दाबताना एकदा आणि पुन्हा निघताना एकदा टक होत असेल, तर लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला असण्याची शक्यता जास्त. असाच आवाज इंजिन माउंटिंगमुळेही (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) येतो, म्हणून दोन्ही तपासतो.

नवा बुश वर्षभरात पुन्हा का जातो, याचं कारण बहुधा बसवण्यात असतं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. शेवटचं आवळणं चाकांवर भार असताना, टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) व्हायला हवं. कुठेही काम करून घ्या, पण हे विचारून घ्या.

वळताना

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना "टंग" असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला, तर जंपरच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग अडकलंय. पूर्ण वळणावर गती देताना कट-कट-कट आला, तर तो एक्सलचा बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं की बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटलाय. आवाज सुरू व्हायच्या आत नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं.

वेगाबरोबर वाढणारी घरघर

ती ऐकायला नवी मुंबईच्या पाम बीच रोडसारखा गुळगुळीत रस्ता बरा. साधारण ५० च्या वेगात रस्ता उजवीकडे वळताना घरघर वाढली तर डावं व्हील बेअरिंग, कारण भार त्या बाजूला जातो. डावीकडे वळताना वाढली तर उजवं. टायर उंचसखल झिजले तरी असाच आवाज येतो. पुढचे टायर मागे टाकून बघतो, आवाज मागे गेला तर बेअरिंग चांगलं आहे.

करकर

स्पीड ब्रेकरवर हळू जाताना येणारी करकर पावसात गायब होत असेल तर तो कोरडा बुश. पावसाळ्याआधी खालून डिझेल किंवा जुनं ऑइल मारून घेऊ नका. रबर फुगतं आणि मऊ पडतं.

कोणतं काम थांबू शकतं, कोणतं नाही

लिंक रॉडचं काम आठवडा-दोन आठवडे थांबेल. बॉल जॉइंट (चाकाला लोअर आर्मशी जोडणारा सांधा) आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा) थांबत नाहीत: सांधा सुटला तर चाक आडवं पडतं. आम्ही चाक उचलून, स्टँड लावून, वर-खाली धरून हलवतो. खेळ असेल तर ब्रेक दाबून पुन्हा हलवतो. ब्रेकने खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर टाय रॉड एंडचा खेळ कळतो. यांपैकी काही सैल निघालं तर गाडी चालवत नेऊ नका, असंच आम्ही सांगू.

टाय रॉड एंड, लोअर आर्म किंवा जंपर बदलला तर अलाइनमेंट करावंच लागतं. लिंक रॉडला लागत नाही.

येताना शेजारच्या माणसाकडून मोबाइलवर आवाज टिपून आणा, आणि वेग, रस्ता, गाडीत किती माणसं होती हे लिहून ठेवा. फेरी मारायला तुम्ही सोबत बसा. काढलेला जुना भाग हातात घेऊन, हलवून बघा आणि मगच बिल द्या.