पार्श्वभूमी : डिझायनरचा पोर्टफोलिओ आणि 'हे काम कुणाचे' हा प्रश्न

नागपुरात डिझाइनची नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींकडे आज गुणपत्रिकेच्या आधी पोर्टफोलिओची, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांच्या संग्रहाची, लिंक मागितली जाते. ती कशी मांडावी, किती कामे ठेवावीत, पहिले काम कोणते असावे याविषयी सल्ला मुबलक मिळतो. त्यात ठेवलेले काम दाखवण्याचा अधिकार मुळात कुणाचा, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. पोर्टफोलिओ आजच्या रूपापर्यंत कसा आला हे पाहताना हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा येतो, म्हणून या टिपणात त्याला अधिक जागा दिली आहे.

शब्द मूळचा इटालियन असून सुटे कागद सोबत नेण्याचे दप्तर एवढाच त्याचा अर्थ होता. मराठीत तो मंत्र्याच्या खात्यासाठी आणि गुंतवणूकदाराच्या शेअर्ससाठी आधी रुळला. चित्रकला शिकलेली माणसे 'फाइल' किंवा 'सॅम्पल' म्हणत. मुंबईतील कलाशाळा १८५७ साली सुरू झाली, तिथे व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग १९३५ च्या सुमारास आला, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली आणि पवईचे औद्योगिक डिझाइनचे केंद्र १९६९ साली उभे राहिले. या साऱ्या काळात फाइल बघणारा मुख्यतः हात बघत असे : अक्षरलेखन सरळ आहे का, पोस्टर कलरचा सपाट रंग डाग न पडता बसला आहे का, वस्तुचित्रातली सावली खरी आहे का. समोरचे चित्र आणणाऱ्याने स्वतः काढले आहे याबद्दल सहसा शंका घेतली जात नसे, कारण मूळ कागदच टेबलावर असे.

विदर्भातून मुंबईला मुलाखतीस जाणाऱ्यांसाठी हा कागद सांभाळणे हेच एक काम होते. ए-टू आकाराची काळी, मुठीची बॅग विदर्भ एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर आडवी ठेवली की माणसाला पाय लांब करता येत नसत, आणि खाली उभी ठेवली तर कोपरे दुमडत. ८०० किलोमीटरहून अधिक प्रवास करून नेलेली पंधरा-वीस चित्रे समोरचा माणूस पाच मिनिटांत उलटून बघे. तरीही त्या पाच मिनिटांत प्रश्न थेट विचारले जात आणि उत्तरे तिथल्या तिथे देता येत, हे त्या पद्धतीचे मोठे बळ होते असे मला वाटते.

नव्वदच्या दशकात सीताबर्डी, महाल, गांधीबाग या भागांत डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पाने रचून देणारी, दुकाने उभी राहिली आणि फाइलचे स्वरूप बदलले. कोरलड्रॉ या रेखांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेली लग्नपत्रिका, मिठाईच्या डब्याचे झाकण, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विकायला येणारी पुस्तके आणि कॅलेंडरे, निवडणुकीचे पोस्टर या कामांवर एका पूर्ण पिढीचा हात बसला. हे काम मूळ कागदावर नव्हतेच. ते बटर पेपरवरच्या प्रिंटमध्ये, छपाईची प्लेट बनवण्याच्या फिल्मच्या पॉझिटिव्हमध्ये आणि संगणकातल्या फाइलमध्ये होते. पॉझिटिव्ह छापखान्यात राहत असे, फाइल दुकानाच्या संगणकावर, आणि ज्याने रात्र जागून ते बसवले त्याच्याजवळ छापून उरलेल्या चार-पाच प्रती.

माझ्याजवळ २००३ सालची एक सीडी आहे. त्यातल्या फाइली आजही उघडतात, पण मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची गर्दी दिसते, कारण तेव्हाचे फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेतांक देणाऱ्या पद्धतीचे, नव्हते आणि ज्या दुकानात काम झाले तिथला फॉन्ट माझ्याकडे नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान होते, तरी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती नीट वापरता यायला बरीच वर्षे गेली. इनडिझाइन या पाने रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय २०१२ च्या आवृत्तीत आली. छापखाना 'फाइल कर्व्ह करून द्या', म्हणजे अक्षरांचे नुसत्या रेषाकृतींत रूपांतर करून द्या, असे सांगे, तेव्हा अक्षरांचे आकार टिकत, मजकूर मात्र मरत असे. आमच्या पिढीच्या मराठी कामाचा मोठा भाग आज संगणकावर दाखवता येत नाही, त्याचे हे साधे तांत्रिक कारण आहे.

दुसरे कारण नावाचे आहे. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने पुस्तकावर आणि छापील कागदावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक केले. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-अ निवडणुकीच्या पत्रकांवर आणि पोस्टरांवर हीच दोन नावे मागते. ज्याने पोस्टर रचले त्याचे नाव यांपैकी कोणत्याही कायद्याने मागितले नाही. परिणामी नागपूरच्या भिंतींवर लागलेल्या पोस्टरच्या तळाशी प्रेसचे नाव बारीक अक्षरांत सापडते, डिझायनरचे सापडत नाही, आणि वीस वर्षांनी 'हे मी केले' असे म्हणणाऱ्याजवळ त्या वाक्यापलीकडे पुरावा नसतो.

इथून वादाचा भाग सुरू होतो. दुकानदार, जाहिरात संस्था आणि ग्राहक या तिघांचीही सर्वसाधारण समजूत अशी की पैसे दिले म्हणजे काम आपले झाले. १९५७ चा कॉपीराइट कायदा एवढे सरळ बोलत नाही. कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. त्यामुळे पगारी डिझायनरने दुकानात केलेल्या कामाबाबत दुकानाचे म्हणणे बव्हंशी टिकते. पण सुट्या कामावर घेतलेला माणूस नोकर नसतो. मोबदला देऊन करून घेतलेल्या कामाचा मालक ग्राहक ठरावा अशी तरतूद त्याच कलमात आहे, परंतु ती छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, उत्कीर्णन आणि चलचित्र यांची नावे घेऊन केलेली आहे. बोधचिन्ह किंवा वेष्टन यांचा त्या यादीत नावानिशी उल्लेख नाही. कलम १९ नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची मानली जाते. व्हॉट्सॲपवर 'लोगो फायनल' असा निरोप आला आणि पैसे रोख मिळाले, एवढ्यावर कायमचे सर्व हक्क गेले असे म्हणणे म्हणूनच कठीण आहे.

खरा गुंता कलम ५७ चा आहे. हक्क विकल्यानंतरही कर्त्याला आपण कर्ते असल्याचे सांगता येते, असे हे कलम म्हणते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून टाकल्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कलमाच्या आधारे शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला आणि शिल्पाचे अवशेष त्याला परत देण्यास सांगितले. पण 'हे मी केले' असे सांगण्याचा हक्क आणि त्या कामाची प्रतिमा आपल्या संकेतस्थळावर लावण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला कर्त्याजवळ राहतो, दुसरा मालकाकडे जाऊ शकतो. पोर्टफोलिओ या दोन्हींच्या मध्ये अडकतो, कारण प्रतिमेशिवाय कर्तेपणाचे विधान बघणाऱ्याच्या दृष्टीने पोकळ ठरते. ग्राहकाची बाजूही विचारात घ्यायला हवी : बाजारात न आलेल्या उत्पादनाचे वेष्टन आधीच सर्वांसमोर आले तर त्याचे खरे नुकसान होते. तेवढी गुप्तता मागणे रास्त आहे. उत्पादन दुकानात विकायला लागल्यावरही ते दाखवू न देणे मला रास्त वाटत नाही.

ऑनलाइन पोर्टफोलिओने हा ताण वाढवला. डिझायनरांनी आपले काम मांडण्याच्या संकेतस्थळांपैकी ड्रिबल २००९ साली सुरू झाले, बिहान्स डिसेंबर २०१२ मध्ये एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतले, आणि बंद बॅगेत पाच मिनिटे दिसणारे काम कायमचे आणि कुणालाही दिसू लागले. जुन्या बॅगेतल्या नमुन्यावर ग्राहकाने कधी हरकत घेतली नव्हती, कारण त्याला ते कळतच नसे. याच सुमारास ॲप आणि संकेतस्थळांचे काम वाढले, ते पाच-दहा जणांनी मिळून होऊ लागले, आणि मुलाखत घेणारे अंतिम चित्राऐवजी प्रक्रिया मागू लागले. एखादे काम कसे घडले याची टप्प्याटप्प्याने हकिकत, या अर्थाचा 'केस स्टडी' हा शब्द तेव्हा आपल्याकडे आला. २००५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये मांडला गेलेला डिझाइन-प्रक्रियेचा 'डबल डायमंड' हा दोन जोडचौकटींचा आराखडा इतक्या पोर्टफोलिओंमध्ये तसाच्या तसा उतरला की भिंतीवर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा फोटो म्हणजेच प्रक्रिया असे शिकाऊ मुले समजू लागली. २०२२ नंतर प्रतिमा तयार करून देणारी साधने आल्याने अंतिम चित्राची साक्ष आणखी दुबळी झाली, आणि कच्च्या रेखाटनांची किंमत पुन्हा वाढली.

नागपूरचे दुखणे यात वेगळे आहे. इथल्या स्टुडिओंना मिळणारे बरेचसे काम मुंबई-पुण्याच्या किंवा परदेशी संस्थांकडून पोटकंत्राटाने येते, आणि करारात गुप्ततेचे कलम असते. काम वरच्या संस्थेच्या नावाने जाते. चार-पाच वर्षे उत्तम काम केलेली मुलगी नव्या नोकरीसाठी अर्ज करते, तेव्हा तिच्याजवळ दाखवायला महाविद्यालयातले प्रकल्प आणि एखाद्या प्रसिद्ध ॲपची स्वतःहून केलेली फेररचना एवढेच उरते. फेररचनेला काही जण खोटे काम म्हणून नाक मुरडतात. जिला खरे काम दाखवायला मनाई आहे, तिच्यावर हा आक्षेप घेणे अन्यायाचे आहे.

गेल्या काही वर्षांत इथले सुटे काम करणारे डिझायनर कोटेशनच्या तळाशी एक ओळ घालू लागले आहेत : काम प्रसिद्ध झाल्यावर ते पोर्टफोलिओत, आपला वाटा नमूद करून, दाखवता येईल. माझ्या ओळखीतल्या काहींनी त्यापुढे महिन्यांची मुदतही लिहिली आहे. ग्राहक कधी ती ओळ खोडतो, कधी मुदत वाढवून मागतो. पण त्यानिमित्ताने हा विषय काम सुरू होण्याआधी निघतो, आणि जे ठरते त्यावर दोघांची सही असते.