बुलेट ट्रेन, मनमाड आणि गेजची जुनी भानगड

मुंबई-नागपूर बुलेट ट्रेनचा विषय घरात निघाला की आमची आजी एकच विचारते, "मनमाडला गाडी बदलावी लागंल का?" पोरं हसतात. मलाही आधी हसू यायचं, पण मराठवाड्यातल्या रेल्वेचं जुनं प्रकरण वाचायला लागलो तेव्हा कळलं की म्हातारी अगदी मुद्द्याचं विचारतीय.

निजामाची स्वतःची रेल्वे आली ती १८७४ ला, वाडी ते सिकंदराबाद, आणि ती ब्रॉडगेज होती (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ब्रॉडगेज म्हणजे रुंद), कारण हैदराबादला मुंबई-मद्रास लाइनला जोडायचं होतं. आपल्या भागाला रूळ दिसायला अजून पंचवीस-एक वर्षं गेली. सिकंदराबाद-मनमाड, म्हणजे नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद करत जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, आणि ती टाकली मीटरगेज. दोन रुळांत एक मीटर अंतर. कारण साधं, पैसा. मीटरगेजला भराव अरुंद लागतो, पूल हलके चालतात, वळण जरा जास्त घेतलं तरी चालून जातं, इंजिनही लहान. पण मनमाडला जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन होती ती ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरची, मग आपला डबा मनमाडच्या पुढं एक इंच जाणार नाही. कापसाच्या गाठी, सरकी, धान्याची पोती, जे काही मुंबईला जायचं ते मनमाडला हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत. माणसांचंही तेच. आजी सांगते की एका हातात ट्रंक, काखेत पोरगं, डोक्यावर वळकटी आणि फिरकीचा तांब्या कुणाकडं आहे याचीच सारखी चौकशी, मध्यरात्री उतरायचं आणि मुंबईच्या गाडीत जागा मिळंल का या काळजीत प्लॅटफॉर्मवर बसून राहायचं.

लातूरचं अजून वेगळं. तिकडं बार्शी लाइट रेल्वे, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं काढलेली, अडीच फुटाची नॅरोगेज. १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११ ला लातूरला पोचली. इंजिनिअरिंग म्हणून ती गाडी जगभर नावाजली गेली, ते बरोबरच आहे, पण लातूरच्या माणसाला मुंबईला जायला कुर्डुवाडीला उतरावंच लागायचं. म्हणजे औरंगाबादवाल्याचं मनमाड तशी लातूरवाल्याची कुर्डुवाडी. एकाच मराठवाड्यात दोन गेज आणि दोन्ही मुंबईच्या गेजला न जुळणारे.

स्वातंत्र्य मिळालं, निजाम गेला, १९५१ ला निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत आली, १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि आपलं हेडऑफिस परत सिकंदराबादला गेलं. गेज तेच. ब्रॉडगेज करा ही मागणी स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी वर्षानुवर्षं लावून धरली, मोर्चे, परिषदा, दिल्लीच्या वाऱ्या सगळं झालं, आणि मनमाड-औरंगाबाद ब्रॉडगेज व्हायला १९९२ उजाडलं. हे काम नवी लाइन टाकण्याचं नव्हतं, आहे ती रुंद करायची एवढंच होतं, तरी एवढा काळ लागला. कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज झाली ती त्याहून उशिरा, २००८ च्या आसपास.

गेजनं नेमका काय फरक पडतो हे ज्यांना पुस्तकी वाटतं त्यांनी २०१६ चा एप्रिल आठवावा. लातूर कोरडं पडलेलं, आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी. टँकरच्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आणल्या होत्या. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर हा सगळा रस्ता थोडी वर्षं आधीपर्यंत नॅरोगेज होता, तसाच राहिला असता तर त्या वाघिणी मिरजेच्या पुढं आल्याच नसत्या.

आता बुलेट ट्रेनकडं येतो, आणि गंमत म्हणजे तिचा जन्मच गेजच्या भांडणातून झालेला आहे. जपानची जुनी रेल्वे १०६७ मिलिमीटरची, म्हणजे आपल्या मीटरगेजची थोरली बहीणच. टोकियो-ओसाका लाइन गच्च भरलेली, वेग वाढंना, आहे त्याच मार्गाला अजून रूळ जोडा असं बरेच जण म्हणत होते. तिथल्या रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि चीफ इंजिनिअर हिदेओ शिमा हे दोघं अडून बसले की नाही, पूर्ण वेगळी लाइन टाकायची, १४३५ मिलिमीटरची, एकही फाटक नाही, मालगाडी नाही, वळणं मोठी. जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलर कर्ज काढलं. सोगोंनी खर्च मुद्दाम कमी दाखवला होता असं म्हणतात, आणि तो जवळपास दुप्पट झाल्यावर १९६३ ला दोघांनाही जावं लागलं. १ ऑक्टोबर १९६४ ला गाडी ताशी २१० किलोमीटरनं सुटली तेव्हा उद्घाटनाला दोघंही नव्हते. आधी साडेसहा तास लागायचे ते चारवर आले, पुढच्या वर्षी तीन तास दहा मिनिटांवर. खर्च फुगल्याबद्दल मोठ्या माणसानं खुर्ची सोडली हे वाचून मला मात्र आपल्या काही प्रोजेक्टची आठवण उलट्या बाजूनं झाली.

वेगळी लाइन का लागते तर ३२० च्या वेगानं जाणारी गाडी थांबायला काही किलोमीटर घेते, ड्रायव्हरनं सिग्नल बघून ब्रेक लावायचा प्रश्नच येत नाही, म्हणून सिग्नल रुळाशेजारी नसतो, ड्रायव्हरपुढच्या स्क्रीनवर असतो आणि वेग जास्त झाला तर यंत्रणा स्वतःच ब्रेक लावते. रूळ बऱ्याच ठिकाणी खडीवर नसतात, काँक्रीटच्या स्लॅबवर असतात. रात्री बारा ते सहा एकही पॅसेंजर गाडी नाही, तेवढ्यात रूळ आणि तारा तपासून घ्यायच्या. जपानमध्ये त्यासाठी पिवळी तपासणी गाडी असायची, डॉक्टर यलो, साधारण दहा दिवसांनी एकदा फिरायची, ती दिसली तर दिवस चांगला जातो असं लोक मानायचे. आपल्याकडं सकाळी भारद्वाज दिसला की म्हणतात ना तसं.

भारतात हे सगळं कागदावर आलं २००९ मध्ये, रेल्वेच्या व्हिजन २०२० मध्ये सहा हायस्पीड मार्ग सुचवले होते. पुणे-मुंबई-अहमदाबाद होता, हैदराबाद-चेन्नई होता, हावडा-हल्दियासुद्धा होता. मराठवाड्यातून जाणारा एकही नव्हता. त्यातला मुंबई-अहमदाबादच पुढं सरकला, ५०८ किलोमीटर, १२ स्टेशनं, बराचसा पैसा जपानी कर्जाचा, १४ सप्टेंबर २०१७ ला साबरमतीला पायाभरणी. तिथंही जमिनीच्या भानगडीत महाराष्ट्राची बाजू मागं राहिली, गुजरातेत गर्डर चढायला लागले तेव्हा पालघरात मोजणीच चालू होती.

आपलं नाव आलं ते मुंबई-नाशिक-नागपूर मार्गात, २०२० च्या सुरुवातीला. मार्च २०२१ मध्ये विमानाला लेझर यंत्र लावून सर्व्हे सुरू झाला, लायडार म्हणतात त्याला, महिनोन्महिन्यांची जमीन मोजणी काही आठवड्यांवर येते. मार्ग साधारण ७४० किलोमीटरचा, शक्य तिथं समृद्धी महामार्गाच्या बाजूनं, म्हणजे पुन्हा नवीन जमीन कमी लागंल. ऐकायला सोपंय, पण समृद्धी आखलाय ताशी १५० च्या गाड्यांसाठी आणि ३०० च्या वर जाणाऱ्या रेल्वेला वळण त्याच्या कितीतरी पट मोठं लागतं, त्यामुळं रस्ता वळला तिथं रेल्वेला त्याची साथ सोडून कुणाच्या तरी मोसंबीच्या बागेतून सरळ जावंच लागणार. स्टेशनांच्या यादीत नाशिक, शिर्डी, औरंगाबाद, जालना, मग मेहकर करत विदर्भात.

आता आजीचं उत्तर. मनमाडला बदलावं लागणार नाही, कारण तो मार्ग मनमाडला जातच नाही. पण परभणी, नांदेड, हिंगोली, लातूर यातलं काहीच त्या यादीत नाही. बुलेट ट्रेन परत वेगळ्या गेजची, १४३५ ची, ती जालन्याहून परभणीच्या ब्रॉडगेजवर उतरू शकत नाही. म्हणजे नांदेडच्या माणसानं आधी जालन्याला यायचं, तिथं साध्या गाडीतून उतरायचं, बॅगा ओढत दुसऱ्या स्टेशनला जायचं. हे मी आजीला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे जालना मनमाड झालं." सुनेला सांगायला लगेच आत निघून गेली.

तोपर्यंत जे खरोखर झालंय ते वेगळंच आहे. जालना-मुंबई वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढली, आता साधारण ६०० किलोमीटरला साडेनऊ तासांच्या आसपास लागतात. गाडी १६० ची आहे पण मनमाडच्या अलीकडं बराच रस्ता सिंगल लाइन, समोरून गाडी आली की एकीनं थांबायचं, मग डबा कितीही चकाचक असू दे. बीडला तर १९९५ ला मंजूर झालेल्या २६१ किलोमीटरच्या नगर-बीड-परळी लाइनवर नगरहून बीडपर्यंतची गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला धावली, मुक्तिसंग्राम दिनाला, आणि स्टेशनवर म्हातारी माणसं रुळाला हळद-कुंकू वाहत होती असं बीडचा मित्र सांगत होता. परळीपर्यंतचा तुकडा त्या दिवशी बाकीच होता.

मागच्या महिन्यात मुंबईहून येताना मी मुद्दाम खिडकीची जागा घेतली. मनमाडजवळचा अंकाईचा किल्ला मागं पडला की रुळाच्या बाजूला दुसऱ्या लाइनसाठी मातीचा भराव दिसायला लागतो, मधेच रोलर उभा, मधेच एखादा नवा पूल नुसताच, त्याच्यावर अजून काही नाही. आमची गाडी त्याच्या शेजारी वीस मिनिटं उभी होती, समोरून मालगाडी येऊन जाईपर्यंत.