जागा कमी आहे की अडकलेली आहे? मध्यवस्तीतल्या पार्किंगविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

व्यापारी संघ असो, इमारतीचे मालक असोत की नगरपालिका, आमच्याकडे येणारे बहुतेक जण एकच मागणी घेऊन येतात: "गाड्या लावायला जागाच नाही, बहुमजली वाहनतळ बांधायचा आहे." त्यांचा त्रास खरा असतो. तरीही उत्तर देण्याआधी आम्ही दोन दिवस मागून घेतो, एक कामाचा आणि एक सुट्टीचा. एकाच दिवसाच्या मोजणीवर आम्ही सल्ला देत नाही, कारण दोन्ही दिवसांची गर्दी वेगळी, तिची वेळही वेगळी.

मोजणी साधी असते. आमचा माणूस दर तासाला तीच फेरी मारतो आणि प्रत्येक जागेपुढे, तिथे उभ्या असलेल्या गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे लिहितो. गाडी कुणाची याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, ती किती वेळ उभी आहे एवढंच हवं. संध्याकाळी तो तक्ता समोर ठेवला की बरंच काही उलगडतं. एका ओळीत आठ वेगवेगळे नंबर असतात. तिच्या खालच्या ओळीत सकाळी नऊचा एक नंबर आणि पुढे दिवसभर नुसत्या 'तोच, तोच' अशा खुणा. ही दुसरी ओळ बहुधा दुकानाच्या अगदी दारातल्या जागेची निघते, आणि गाडी दुकानातल्याच कुणाची तरी. बैठकीत हे सांगताना अवघड होतं, पण सांगावंच लागतं.

आता हिशेब बघा. दुकान दहा तास उघडं असेल आणि दारात दिवसभर एकच गाडी असेल, तर त्या जागेचा उपयोग एकालाच झाला. तिथे प्रत्येक जण सरासरी तासभर थांबला तर दहा जणांची सोय होते. मालक-कर्मचाऱ्यांच्या पाच गाड्या मागच्या रस्त्याला लावल्या, तर दिवसाला पन्नास ग्राहकांच्या गाड्या लागू शकतात, तेही एक वीट न रचता.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत जुलै १९३५ मध्ये जगातलं पहिलं पार्किंग मीटर, म्हणजे नाणं टाकून ठरावीक वेळ गाडी लावू देणारं यंत्र, बसलं, ते याच कारणाने. तिथे काम करणाऱ्यांच्या गाड्या सकाळपासून रस्ता अडवत आणि खरेदीला आलेल्यांना जागा मिळत नसे. तासाला पाच सेंट दर लावला गेला. गाड्या हलत्या राहाव्यात हा त्यामागचा मुख्य हेतू होता.

रस्त्यावरच्या सगळ्या जागा भरलेल्या असणं आम्ही यश मानत नाही. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी सुमारे ८५ टक्के हे प्रमाण सुचवलं: वीस जागांपैकी सतरा भरलेल्या, तीन मोकळ्या. येणाऱ्याला लगेच जागा मिळाली की तो चौकाला घिरट्या घालत नाही, आणि त्या घिरट्या थांबल्या की वाहतुकीची कोंडीही सैल होते. हे प्रमाण राखायला आमच्या मते वेळेच्या मर्यादेपेक्षा दर जास्त कामाचा. 'दोन तासच' अशी पाटी लावली की लोक दोन तासांनी गाडी शेजारच्या जागेत सरकवतात. सॅन फ्रान्सिस्कोत २०११ पासून मागणीप्रमाणे रस्त्यागणिक आणि वेळेप्रमाणे दर बदलून पाहिले. गर्दीच्या ठिकाणी ते वाढले, पण ओस पडलेल्या रस्त्यांवर कमीही झाले. हे दुसरं टोक विसरू नका. मागचा रस्ता स्वस्त किंवा फुकट ठेवला तरच दिवसभर थांबणारा तिकडे जाईल.

दर लावायचं म्हटलं की विरोध होणार, आणि तो रास्त आहे, जोवर पैसे कुठे जातात ते दिसत नाही तोवर. अमेरिकेतल्याच पासाडेना शहराच्या जुन्या बाजारभागात १९९३ मध्ये मीटर बसले तेव्हा उत्पन्न त्याच भागाच्या पदपथांवर, दिव्यांवर, स्वच्छतेवर खर्च झालं. आम्हीही हीच अट आधी लेखी घ्यायला सांगतो.

जागा वाटून वापरण्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. समजा, कार्यालयाला सकाळी १०० जागा लागतात आणि रात्री १५, तर शेजारच्या नाट्यगृहाला सकाळी १० आणि रात्री ८०. दोघांनी आपापलं बांधलं तर १८० जागा, एकत्र वापरल्या तर ११० पुरतात. फाटकाची चावी, रात्रीचा पहारा आणि नुकसानीची जबाबदारी मात्र करारात स्पष्ट हवी.

अपंगांच्या राखीव जागा आणि माल उतरवायच्या जागा यांत आम्ही कपात सुचवत नाही. चारचाकीच्या एका जागेत साधारण पाच-सहा दुचाकी मावतात, म्हणून त्यांची वेगळी रांग आखतो.

मग वाहनतळ कधी? पाच मिनिटांच्या चालीच्या टापूतले सगळे रस्ते आणि वाटून घेता येणाऱ्या सगळ्या जागा दोन्ही दिवशी तासन्‌तास भरलेल्या दिसल्या, तर आम्हीच तो सुचवू. येण्याजाण्याची वाट धरून त्यात एका गाडीला २५ ते ३० चौरस मीटर लागतात, आणि एकदा उभी राहिलेली इमारत लहान करता येत नाही.

पहिल्या भेटीला येताना खासगी आवारांसकट सगळ्या जागांचा कच्चा नकाशा आणा. सोबत मालक-कर्मचाऱ्यांच्या गाड्यांचा आकडाही हवा. तो अंदाजाने लिहू नका. एके सकाळी दुकानं उघडताना बाहेर उभं राहून स्वतः मोजा.