शेतीसंरक्षण बंदुकीचा परवाना: अर्ज, कागदपत्रं आणि हद्दीचा प्रश्न

सावंतवाडी-दोडामार्गाकडे एक समज घट्ट बसलेला आहे. परवाना खिशात असला की बंदूक खांद्याला लावून कुठंही जावं, आणि शेतात घुसलेल्या जनावरावर बार काढावा. हे दोन्ही चूक आहे. या चुकीपायी आयुष्यात कुणाशी भांडण न केलेली माणसं पोलीस ठाण्याच्या बाकावर येऊन बसतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. परवान्यानं बंदूक बाळगायची मुभा मिळते. ती कुठल्या हद्दीत बाळगायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं. आणि कोणत्या जनावरावर चालवायची, हे वनखात्याच्या हातात असतं.

कायदा देशभर एकच आहे: शस्त्र अधिनियम १९५९, आणि त्याखालचे २०१६ चे शस्त्र नियम. शस्त्रं हा विषय राज्यघटनेनं केंद्राच्या सूचीत ठेवलाय, त्यामुळे महाराष्ट्राचा एक आणि गोव्याचा दुसरा असे बंदुकीचे वेगळे कायदे नाहीत. पण परवाना देतो तो जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकारी, आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. वन्यप्राण्यांबाबतची परवानगी राज्याचं वनखातं देतं. म्हणून राज्याची वेस ओलांडली की बरंच काही बदलतं.

कोणाला मिळतो

वय किमान २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर शिक्षा संपल्यावर पाच वर्षं अर्जाचा उपयोग नाही. शांतता राखण्याच्या किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राखाली असलेल्या माणसाला त्या मुदतीत परवाना मिळत नाही. मानसिक स्वास्थ्य ठीक नसलेल्यालाही मिळत नाही.

एक गोष्ट मात्र गावोगाव सांगायला हवी. जमीन थोडी आहे, ऐपत नाही, म्हणून बंदूक मिळणार नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. उलट कलम १३ म्हणतं की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक मागितली आणि नाकारण्याचं कायदेशीर कारण नसेल, तर परवाना द्यायचा. किमान वीस इंच नळीच्या साध्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकीलाही, ती संरक्षणासाठी किंवा खेळासाठी असेल तर, हीच सवलत आहे. रायफल किंवा पिस्तूल मागाल तर सबळ कारण पटवून द्यावं लागतं. त्यामुळे शेतकऱ्यानं पहिला अर्ज ठासणीच्या बंदुकीचाच करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्ज आणि कागद

अर्जाचा नमुना 'ए-१'. तो केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर भरायचा, आणि छापील प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. नमुन्यात शेतीसंरक्षणासाठी वेगळा भाग आहे. त्यात गाव आणि संरक्षण हवं असलेलं लागवडीचं क्षेत्र लिहायचं असतं. इथं बरेचजण 'शेती आहे' एवढंच लिहून मोकळे होतात, आणि अर्ज परत येतो. गट नंबर, क्षेत्र, कोणतं पीक, कोणत्या महिन्यांत कोणती जनावरं येतात, हे नीट लिहा. सोबत चालू सातबारा आणि आठ-अ जोडा. सामाईक सातबारा असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतिपत्र आधीच घेऊन ठेवा, म्हणजे पुढं कुणी हरकत घेत नाही. याआधी नुकसानीचे पंचनामे झाले असतील तर त्यांच्या प्रती लावाच. डुकरानं उकरलेल्या भाताच्या खाचराचा पंचनामा हा तुमच्या गरजेचा सगळ्यात बोलका पुरावा असतो.

बाकी कागद नेहमीचे: पासपोर्ट आकाराचे चार फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, बंदूक सुरक्षित कुलपात ठेवीन असं हमीपत्र. वैद्यकीय प्रमाणपत्रात शरीर आणि मन दोन्ही ठीक असल्याचं, आणि दारू वा अमली पदार्थांचं व्यसन नसल्याचं नमूद असावं लागतं. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं. ही अट कुणी उपचार म्हणून उरकू नये. भरलेली बंदूक कुंपण ओलांडताना कशी धरायची, हे ठाऊक नसल्यानं घरचीच माणसं गेलेली आहेत.

अर्ज गेला की तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. अहवालाला ३० दिवस, आणि अहवाल आल्यावर निर्णयाला ६० दिवस, अशी नियमांतली मुदत आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात. मुदत टळली की अर्जाचा क्रमांक घालून लेखी विचारणा करा. अहवाल वेळेत आला नाही, तर त्याची वाट न पाहताही निर्णय घ्यायचा अधिकार परवाना देणाऱ्याला आहे. नकार आला तर कारणं लेखी मागा. अपिलाला ३० दिवस असतात, तेव्हा पत्र मिळाल्याची तारीख लिहून ठेवा.

परवाना मिळाला की तो पाच वर्षांचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन वर्षांचा असे. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं केलं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी टाका.

वेस ओलांडली की

परवान्याचं पुस्तक उघडून 'वैधतेचं क्षेत्र' हा रकाना वाचा. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर तिथं बहुधा गाव नि शिवारच असतं. दोडामार्गाच्या माणसाची सोयरीक गोव्यात, आणि बाजारहाटही तिकडचीच. पण बंदूक घेऊन तो गोव्यात शिरला, तर त्या बंदुकीपुरता तो विनापरवाना माणूस ठरू शकतो. विनापरवाना बंदुकीला २०१९ पासून किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. दुरुस्तीला न्यायची असली, तरी आधी लेखी परवानगी घ्या. कायमचं दुसरीकडे राहायला गेलात, तर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्यांना लगेच कळवा.

सिंधुदुर्गाखाली कर्नाटकात उतरलात तर चित्र आणखी वेगळं. कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि जम्मा (पिढीजात हक्काच्या) जमीनधारकांना परवान्यातूनच सूट आहे. ती ब्रिटिश काळापासूनची, आणि सध्या २०२९ पर्यंत वाढवलेली. ही सवलत त्या समाजाची आणि त्या जमिनीची आहे, तिचा दाखला आपल्या अर्जात देऊन काही मिळत नाही.

जनावरांबाबतही असाच फरक. केरळनं २०२२ मध्ये उपद्रवी रानडुक्कर मारायची परवानगी द्यायचा अधिकार ग्रामपंचायतींच्या प्रमुखांपर्यंत खाली आणला. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकडं, अशी उपद्रवी म्हणून केंद्रानं २०१५-१६ मध्ये काही काळापुरती जाहीर केली होती. आपल्याकडे रानडुकरासाठी वनक्षेत्रपालाकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. ती हातात नसताना बार काढला, तर बंदुकीचा परवाना कितीही पक्का असला तरी वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो. परवानगीनं मारलेलं डुक्करही सरकारी मालमत्ता असतं, वाटे घालून वाटायचं नसतं. गवा आणि मोर त्याच कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत, पीक कितीही तुडवलं तरी त्यांच्यावर बंदूक उचलायची नाही. त्यांच्या नुकसानीला भरपाईचा अर्ज हाच रस्ता.

निवडणूक आणि जमा

हा विषय मला सगळ्यात जास्त लागतो. विधानसभेची निवडणूक २०१९ मध्ये ऑक्टोबरात झाली आणि २०२४ मध्ये नोव्हेंबरात. म्हणजे आचारसंहिता लागते तेव्हा भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं होत आलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच ठाण्यातून बंदूक जमा करायचा निरोप येतो. आमच्या काकांनी २०२४ ला बंदूक गोणपाटात गुंडाळून नेऊन दिली, आणि पुढचे कित्येक दिवस रात्री खाचराच्या कडेला पत्र्याचा डबा बडवत बसले.

सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करणं कायद्याला धरून नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार छाननी समितीनं एकेका परवानाधारकाचा विचार करायचा असतो. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले लोक यांच्यावर मुख्य भर असतो. तेव्हा निरोप आला की समितीच्या नावे अर्ज द्या: परवाना शेतीसंरक्षणाचा आहे, पीक उभं आहे, माझ्यावर कोणताही गुन्हा नाही. सोबत सातबारा. तरी आदेश आलाच, तर बंदूक द्या, वाद घालू नका. पण पोचपावतीवर बंदुकीचा क्रमांक, तारीख आणि शिक्का बघितल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

आजोबांची बंदूक

परवानाधारक वारला की घरात बंदूक तशीच ठेवायची नाही. ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, आणि मृत्यूचा दाखला नि इतर वारसांची ना-हरकत जोडून वारसानं स्वतःच्या नावे अर्ज करायचा. कित्येक घरी ती वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असते, आणि सापडली की केस नातवावर होते. यासाठी मृत्यूची वाट बघायचीही गरज नाही. धारकाचं वय ७० झालं, किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना करून घेता येतो. म्हातारा माणूस सोबत असताना हे काम एका फेरीत होतं.