फ्लिप फोनमधला घसा आणि कान

गाण्यांसाठी बनवलेला फ्लिप फोन मिटला की प्लेअर असतो आणि उघडला की फोन. सोनी एरिक्सनच्या २००८ सालच्या डब्ल्यू९८० मध्ये ही विभागणी अगदी स्पष्ट दिसायची. झाकणावर बाहेरच्या बाजूला गाण्यांची स्पर्शाने चालणारी बटणं आणि आत ८ जीबी जागा. गाणं बदलायला फोन उघडायची गरजच नाही.

आपण उघडलो की मिटलो, हे फोनला कळतं चुंबकामुळे. बहुतेक फ्लिप फोनच्या एका पाकळीत तांदळाएवढं चुंबक असतं आणि दुसरीत हॉल सेन्सर. वाहत्या विद्युतप्रवाहाजवळ चुंबक आणलं की इलेक्ट्रॉन एका कडेला ढकलले जातात आणि पट्टीच्या दोन कडांमध्ये किंचित व्होल्टेज तयार होतं. हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवलं होतं. गंमत करून बघायची असेल, तर उघडा फोन मोठ्या स्पीकरच्या मागच्या चुंबकाजवळ नेऊन हळूहळू फिरवा. ठरावीक जागी आला की स्क्रीन विझते. फोन बिचारा समजतो, आपल्याला मिटलं.

पण खरी मजा आवाजात आहे. या एवढ्याशा डबीत आवाज लहान करण्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांचं एकमेकींशी अजिबात पटत नाही.

आधी गाण्याची पद्धत पाहू. सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक चॅनेलचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटचा आणि चॅनेल दोन. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. चार मिनिटांचं गाणं ४२ एमबीच्या आसपास जातं. ५१२ एमबीच्या कार्डावर अशी डझनभर गाणी बसली असती, आणि तेवढ्यासाठी कोणी म्युझिक फोन घेतला नसता. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १,२८,००० बिट खर्चणाऱ्या एमपी३ मध्ये तेच गाणं ४ एमबीच्या आत येतं. उरलेलं जातं कुठे? ते टाकूनच दिलेलं असतं. आपल्या कानाला एका मोठ्या स्वराच्या शेजारचा बारीक स्वर ऐकू येत नाही. ड्रमचा ठोका पडल्यानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ तरी हलके आवाज झाकलेले राहतात. एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर गाण्याचे बारीक तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्यात कानाला काय चुकेल याचा हिशेब मांडतं आणि त्या जागी बिट खर्चच करत नाही. ही चलाखी उघडी पडते ती झाकायला काही नसतं तेव्हा. एमपी३ घडवणाऱ्यांपैकी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान वेगा यांचं वाद्यांविना गायलेलं ‘टॉम्स डायनर’ कसोटीला घेतलं ते म्हणूनच. सुरुवातीला त्या एकट्या आवाजाची पार वाट लागत होती.

आता कॉलची पद्धत. जीएसएम म्हणजे टूजी मोबाइल नेटवर्कची एक पद्धत. तिच्या मूळ कोडेकला, म्हणजे आवाज लहान करून पलीकडे पुन्हा उभा करणाऱ्या यंत्रणेला, कानाच्या या खोडींशी फारसं देणंघेणं नाही, त्याला घसा ठाऊक आहे. सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे, त्यांचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा फक्त २६० बिटमध्ये कळवायचा. या बिटांमध्ये ढोबळमानाने एवढंच असतं: तोंडाच्या पोकळीचा आकार साधारण असा आहे, स्वरतंतू अमुक वेगाने थरथरताहेत आणि या वर्णनात न बसणारा उरलेला तपशील, ज्यावर सर्वाधिक बिट जातात. पलीकडचा फोन या वर्णनावरून आवाज पुन्हा उभा करतो. सगळा खर्च सेकंदाला १३,००० बिट, म्हणजे १२८ केबीपीएसच्या एमपी३ च्याही जवळपास दहावा हिस्सा.

बोलण्यासाठी हे उत्तम आहे. पण या कोडेकने एका वेळी एकच घसा गृहीत धरलेला असतो. फोन कानाला लावून पलीकडच्याला गाणं ऐकवायला जा. गिटार, बेस, गायिका सगळ्यांना मिळून एका घशात कोंबायचा प्रयत्न होतो आणि पलीकडे जे पोचतं ते पाण्याखाली वाजवल्यासारखं. त्यात भर म्हणजे ‘सध्या कोणी बोलत नाही’ असं वाटलं की बॅटरी वाचवण्यासाठी फोन प्रसारण थांबवतो. संथ आलाप त्याला पार्श्वभूमीचा गोंगाट वाटू शकतो, मग गाणं मध्येच तुटतं. ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणत वाजणारं संगीत इतकं भिकार का लागतं, याचं बरंचसं उत्तर इथेच मिळतं.

आणखी एक जाच जुन्या फोनवाल्यांच्या चांगलाच ओळखीचा आहे. फोन टेबलावर, शेजारी स्पीकर, आणि कॉल यायच्या क्षणभर आधी ‘टर्र टर्र टर्र’. जीएसएम फोन सलग प्रसारण करत नाही. दर ४.६ मिलिसेकंदांनी तो अर्ध्या मिलिसेकंदापुरता बोलतो, तेही ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २ वॅटपर्यंतच्या जोराने. ९०० मेगाहर्ट्झ कानाला ऐकू येणं शक्य नाही, पण ही चालू-बंद होते सेकंदाला २१७ वेळा, आणि २१७ हर्ट्झ अगदी व्यवस्थित ऐकू येतं. स्पीकरच्या तारा अँटेनासारखं काम करतात आणि अ‍ॅम्प्लिफायर त्या धक्क्यांचा आवाज करून टाकतो. त्याच फोनच्या आत संगीताचं सर्किट या ट्रान्समीटरपासून काही सेंटिमीटरवर बसवायचं आणि इअरफोनमध्ये टर्र येऊ द्यायची नाही, हे ज्या इंजिनिअरांनी जमवलं त्यांचं मला भारी कौतुक वाटतं.

तारेचा अँटेना कधी उपयोगीही पडतो. एफएम लावायला असे बरेचसे फोन इअरफोन मागतात, कारण १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर आणि तिचा पाव भाग ७५ सेंटिमीटर. मिटल्यावर मुठीत मावणाऱ्या फोनमध्ये एवढी तार कुठून आणणार? ती इअरफोनच्या वायरमध्ये आयती मिळते. फोनच्या स्वतःच्या स्पीकरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. आवाज तेवढाच मोठा ठेवून सूर एक सप्तक खाली आणायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं, आणि इथे हलायला जागाच नाही. तरी बेसची चाल थोडीफार कळते, कारण मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वरांश ऐकून मेंदू खालचा मूळ स्वर स्वतः भरून काढतो.

असा फोन आज वापरायचा तर दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, नेटवर्क. अनेक देशांत टूजी बंद झालंय किंवा होतंय; अमेरिकेत एटी अँड टीने ते १ जानेवारी २०१७ ला बंद केलं. ज्याला टूजीखेरीज काही येत नाही, त्या फोनचा घसा तिथे बसला. कानाचा भाग मात्र सिम नसतानाही पुष्कळ फोनमध्ये चालतो. दुसरी, बिजागरीतून जाणारी तांब्याच्या रेषांची लवचीक पट्टी. उघडझाप करताना दरवेळी ती वाकते आणि कधीतरी एखादी रेष तुटते. फोन अर्धवट उघडला की स्क्रीन लुकलुकते, पूर्ण उघडला की येते, असं दिसलं तर पट्टी थकली समजा. गाणी ऐकायला तरीही अडचण नाही, मात्र बटणं, जॅक आणि मुख्य सर्किट खालच्या पाकळीत आहेत ना, तेवढं विकत घेण्याआधी बघून घ्या.