फोटो सुधारणे, जपणे आणि छापणे : खान्देशातून दिसणारी पार्श्वभूमी

लग्नसराईत जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या फोटो स्टुडिओत गेल्यास तीन कामे एकाच संगणकावर चाललेली दिसतात : फोटोतील दोष काढणे, फाइल सेव्ह करणे आणि अल्बमची पाने छपाईसाठी लॅबकडे पाठवणे. ही कामे आज एकाच माणसाच्या हाती असली, तरी प्रत्येकाचा इतिहास निराळा आहे. त्यांतील मधले काम, म्हणजे जतन, सर्वांत दुर्लक्षित राहिले, असे माझे स्पष्ट मत आहे.

जतनाचा प्रश्न या परिसराला नवा नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती तयार केल्या. लंडनला गेलेल्या त्या चित्रांपैकी बहुतेक १८६६ साली तेथील क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाला लागलेल्या आगीत नष्ट झाली. त्याआधीच गिल कॅमेऱ्याकडे वळले होते आणि त्यांनी काढलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाली होती. हाताने रंगवलेली प्रतिकृती एकच होती, छायाचित्रांच्या मात्र अनेक प्रती निघालेल्या होत्या. गिल यांची कबर भुसावळात आहे.

फोटोत हवे ते घडवून आणण्याची कलाही संगणकाने आणलेली नाही. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) जवळजवळ पन्नास वर्षे आपल्या घराबाहेर क्वचितच पडले आणि तरीही त्यांच्या छायाचित्रांत बाहेरच्या जगातील दृश्ये अवतरली, कारण साध्यासुध्या वस्तू मेजावर मांडून आणि प्रकाशयोजना करून ते अख्खे निसर्गदृश्य उभे करीत. या ‘टेबल-टॉप’ छायाचित्रांमागची नजर आजच्या फोटो-संपादकानेही अभ्यासावी अशी आहे. चाळीसगावात त्यांच्या घरीच त्यांचे कलासंग्रहालय आहे.

सामान्य स्टुडिओतील दुरुस्ती नेगेटिव्हवर, म्हणजे उजळ-गडद भाग उलटे दाखवणाऱ्या फिल्मवर, होत असे. सुरकुती किंवा डाग नेगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. त्या जागी टोकदार पेन्सिलीने हलके ग्रॅफाइट भरले की तेथून कमी प्रकाश जातो आणि छापील फोटोत तो भाग उजळतो. चुकीची रेघ पडली तर नेगेटिव्ह बिघडण्याची भीती असे, म्हणून हे काम जपून होई. अंधारखोलीत एन्लार्जरच्या, म्हणजे नेगेटिव्हवरून मोठा फोटो छापणाऱ्या यंत्राच्या, प्रकाशाखाली काडीला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा धरून एखादा भाग उजळ ठेवणे किंवा हाताच्या आडोशाने उरलेले झाकून तेवढाच भाग गडद करणे, ही दुसरी रीत होती. फोटो-संपादनाच्या फोटोशॉप या सॉफ्टवेअरमधील ‘डॉज’ (उजळवणे) आणि ‘बर्न’ (गडद करणे) या साधनांची चिन्हे त्याच काडीवरच्या तुकड्याची आणि त्याच हाताची आहेत.

फोटोशॉपची सुरुवात १९८७ साली मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नॉल यांनी केली; त्यांचे बंधू जॉन चित्रपटांच्या विशेष दृश्यांचे काम करीत. अडोबी कंपनीने पहिली आवृत्ती १९९० मध्ये मॅकिंटॉशसाठी बाजारात आणली. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे चित्राचे स्वतंत्र थर, आले, १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत केलेल्या बदलांवरून पायरीपायरीने मागे जाण्याची सोय आली आणि २००२ च्या सातव्या आवृत्तीत डाग पुसणारा ‘हीलिंग ब्रश’ आला. माझ्या दृष्टीने यांत लेयर सर्वांत महत्त्वाचे, कारण मूळ फोटोला हात न लावता त्यावर काम करणे त्यांच्यामुळे शक्य झाले. मात्र लेयर टिकायचे तर फाइल पीएसडी या फोटोशॉपच्या स्वतःच्या किंवा लेयर जपणाऱ्या दुसऱ्या एखाद्या स्वरूपात ठेवावी लागते; तीच जेपेग या चित्र दाबून लहान करणाऱ्या स्वरूपात सेव्ह केली की सारे लेयर एकाच थरात मिसळतात.

जेपेगचा पाया एका भारतीयाने घातला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी १९७२ साली डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या गणिती पद्धतीची कल्पना मांडली. अमेरिकेतील नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्या संशोधनासाठी निधी नाकारला, तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. १९९२ च्या जेपेग मानकात हीच पद्धत वापरली गेली. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे (पिक्सेलांचे) चौकोन पाडले जातात, प्रत्येक चौकोनातील ढोबळ आणि बारीक बदल वेगळे काढले जातात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक तपशील टाकून दिला जातो. टाकलेला तपशील परत मिळत नाही. तीच जेपेग फाइल उघडून, बदलून पुन्हा सेव्ह केली की हा हिशेब नव्याने होतो, आणि असे वारंवार झाल्यावर शालूच्या जरीच्या कडेला पुसट चौकोन दिसू लागतात. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो तर आकाराने लहान होऊन आणि पुन्हा दाबला जाऊनच हाती पडतो.

छपाईत हे उघडे पडते. इंचाला ३०० ठिपके हे प्रमाण धरले तर चार बाय सहा इंचांच्या फोटोला १२०० बाय १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके पुरतात. बारा बाय छत्तीस इंचांच्या करिष्मा नावाने ओळखल्या जाणाऱ्या लग्नाच्या अल्बमच्या जोडपानाला मात्र याच प्रमाणाने ३ कोटी ८८ लाख ८० हजार ठिपके लागतात. एकच फोटो पानभर पसरायचा असेल, तर मोबाइलवर सुरेख दिसणारा, लांब बाजूला १६०० ठिपके असलेला फोटो येथे इंचाला जेमतेम ४४ ठिपके देतो आणि नवरीच्या डोळ्यांतली रेखीवता हरवते.

रंगांचे कारण वेगळे आहे. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, तर छापखान्यात निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई कागदावर बसते. त्यामुळे रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या कोवळ्या पानाचा पडद्यावरचा तेजस्वी हिरवा रंग निमंत्रणपत्रिकेवर मंदावतो. फोटो लॅबमध्ये संवेदनशील कागदावर लेझरच्या प्रकाशाने फोटो उमटवणारी यंत्रे असतील, तर तेथे शाईचा प्रश्न येत नाही, परंतु फाइलमधील रंगांचे आकडे कोणत्या पद्धतीने वाचायचे हे यंत्राला कळावे लागते. त्यासाठी एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेली एसआरजीबी ही रंगपद्धत सर्वत्र रूढ झाली आणि बऱ्याच लॅब आजही अल्बमच्या फाइल त्याच पद्धतीत मागतात.